बिनशिट्टीचे धोंडे

ज्या कुकरनं माझ्या बहिणीचं सासरी परत जाणं थांबवलं, तो पाच लिटरचा आहे. त्याचा एक कान ढिला आहे आणि मूठ एकदा जळून सोललेली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत आला पाहिजे असं मी पत्रकं लिहून लिहून शिकले. मी खामगावात राहते, एका संघटनेचं काम करते. पत्रकं लिहायची, बाजाराच्या दिवशी वाटायची, लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. माझं एकही पत्रक त्या कुकरएवढं कामाला आलेलं नाही.

माझी ताई सासर सोडून जानेफळला आमच्या घरी आली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गावात म्हणायचे, हिला नवऱ्यानं टाकली. खोटं आहे. तिनं त्याला टाकलं. तो मारायचा. दारू प्यायचा नाही, कोणतं व्यसन नाही, शुद्धीत मारायचा, आणि मारून झाल्यावर जेवायला वाढ म्हणायचा. एक दिवस तिनं वाढलं, हात धुतले आणि आमच्या गावाकडची मेहकरची बस पकडली. ह्यात टाकलेली कोण? पण हे गावाला कितीही सांगा, बाई बापाच्या घरी दिसली की ती टाकलेली. माझी आईसुद्धा विहिरीवर कोणी विचारलं तर म्हणायची, "आली हाय चार दिवस." चार दिवस वर्षभर चालू होते.

ताई घरात असायची आणि नसायची. पाहुणे आले की आतल्या खोलीत. लग्नाचं बोलावणं आलं की तिची तब्येत बरी नसायची. आमच्या घरात पहिलं ताट बाबांचं, मग आत्या असेल तर तिचं, मग आमचं. ताई सगळ्यांचं आटोपल्यावर कढईतलंच पुसून खायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी सुट्टीला यायचे, ओरडायचे, परत जायचे. ओरडून काही होत नव्हतं.

मग अधिक महिना आला. सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि मलकापूरहून आत्या आली होती. बाबांची मोठी बहीण. महिनाभर रोज दुपारी देवळात पोथी ऐकायची म्हणून आली होती, पण पोथीच्या आधीच तिनं काम काढलं.

आमच्याकडे अधिकाला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला घरी बोलवायचं, मुलीला आणि त्याला पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाफवून तेहतीस धोंड्यांचं वाण त्याच्या हाती द्यायचं. वर कपडे, जमेल तसं सोनंनाणं. जावई म्हणजे नारायण, असं मानतात. मी या नारायणावर एक अख्खं पत्रक लिहिलेलं आहे. ज्या घरी ते गेलं त्या घरी त्याच्यात भजी बांधली गेली असतील, पण लिहिलं आहे.

आत्यानं ओसरीवर चहा घेता घेता विषय काढला. ताई आत होती, दाराच्या मागं. तिला ऐकू जात होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

"भाऊ, अधिक चालू हाय," आत्या बाबांना म्हणाली. "जवाईले धोंड्याले बोलाव. दोन दिवस राहीन, मानपान भेटला का माणूस नरमते. जाताना पोरीले संगं घेऊन जाईन. किती दिवस ठेवशीन तिले?"

"तो मारतो तिला, आत्या," मी म्हणाले.

"आता नाई मारत."

"आता ती इथं आहे म्हणून नाही मारत."

"तू मधात बोलू नको बे. तुह्यं लगन झालं म्हणजे बोलजो." आत्यानं बशी फुंकली. "एक अंगठी घाल त्याच्या बोटात, भाऊ."

"मागच्या अधिकात घातली होती ना," मी म्हणाले. "हलकी आहे म्हणून परत धाडली होती त्यानं."

बाबा वाईट माणूस नाही. पण चावडीवर चार जण बसलेले दिसले की ते रस्ता बदलायचे, आणि वर्षभर रस्ता बदलून माणूस थकतो. ते उठले, फाटकापाशी गेले, तिथंच रेंज येते, आणि आमच्याकडे पाठ करून फोन लावला. परत आले तेव्हा म्हणाले, "गुरुवारी येतो म्हणते."

आत्या खूश झाली. "आता साजरं कर सगळं," ती आईला म्हणाली. "आपल्या घरात वाण एका अधिकात एकदाच निघते. आमच्या आबाच्या टायमापासून हाय हे. एकदा ताट उठलं का उठलं, मंग दारात कोणी येवो. तं कमी काही पडू देऊ नको."

आईनं मान हलवली. आई तेव्हा नुसती मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई धुणं धूत होती, मी शेजारी बसून पिळून देत होते. मी म्हटलं, तू जाणार नाहीस ना? सरळ सांग.

"बाबा म्हणतीन तं जाईन."

"तो परत मारेल."

"मारीन." ती बाबांचा सदरा आपटत होती. "मंग काय करू? या घरात मी कोण हाओ? तू पोरगी हायेस, लगन व्हायचं हाय तुह्यं. मी ना पोरगी ना पाव्हणी. वाण जवायाचं राह्यते. त्याच्या बाजूले बसली तं मले ताट भेटते, नाई तं मी कढई पुसतो."

मला राग आला. कुणाचा म्हणून विचारू नका, सगळ्यांचाच आला. आणि रागात माझं डोकं बरं चालतं. वाण जावयाचं राहतं, हे ती म्हणाली. वाण एकदाच निघतं, हे आत्या म्हणाली होती. दोन वाक्यं शेजारी ठेवली आणि मला एकदम दिसलं की आमच्या आबांनी नियमात आमच्यासाठी केवढं मोठं भोक ठेवून दिलं आहे.

"ताई, पाटावर कोण बसतं?"

"जवाई आन् पोरगी."

"लक्ष्मी आणि नारायण. नारायण नसला तर लक्ष्मी उठून जाते का?"

"काय बोलून राह्यली तू?"

"आज धोंडे करायचे. आज दुपारी. तुझ्या हातात वाण द्यायचं. मग गुरुवारी तो आला तरी ताट उठलेलं असेल."

ताईनं सदरा तसाच बादलीत सोडला. "तुह्या त्या कागदात लिहिलं व्हतं ना, धोंडे बंद करा म्हणून? मंग आता काऊन करून राह्यली?"

"जावयाचे लाड बंद करा असं लिहिलं होतं. धोंड्यांनी माझं काय केलंय?"

ती हसली नाही, पण तिनं मला नाही म्हटलं नाही.

बाबा डवरणीला, म्हणजे पिकातलं तण काढायला, शेतात गेले. जेवण करून आत्या पोथीला गेली, ती उन्हं कलल्याशिवाय येत नसे. मी आईसमोर जाऊन उभी राहिले आणि बेत सांगितला. ताईसाठी धोंडे, ताईला वाण, आजच.

आईनं आधी दाराकडं पाहिलं. "जवायाबिगर धोंडे? गावात ऐकलं कोणं असं?"

"गावानं बरंच काही ऐकलेलं नाही."

"मी हात नाई लावाची त्याले."

"मग मी लावते."

"तुले चहा करता येते का धड?"

"येतो."

"उतू घालवते तू." असं म्हणून तिनं अंबाडीची जुडी उचलली आणि मागच्या पडवीत जाऊन बसली, स्वयंपाकघराकडं पाठ करून. करू नको, असं मात्र म्हणाली नाही. संघटनेत आम्ही याला तटस्थ म्हणतो, आणि तटस्थ माणसाला मतदानाच्या वेळी कधीच गृहीत धरायचं नाही हेही शिकवतो.

तर मी धोंडे करायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा. कुकरमध्ये हरभऱ्याची डाळ टाकली, तीन शिट्ट्या दिल्या. डाळ मऊ शिजली. गूळ घातला, विलायची कुटून घातली, चमचा उभा राहीपर्यंत घोटलं. ताई उंबऱ्यावर बसून बघत होती. "करपून राह्यलं," म्हणाली. मी आच कमी केली. "लय सैल हाय," म्हणाली. मी आणखी घोटलं. शेवटी ती उठली, परात ओढली आणि कणीक मळायला घेतली. मला म्हणाली, "तुह्या हातच्या कणकीचे धोंडे देवानं फेकून मारले असते."

आम्ही दोघींनी भरले. कणकीची वाटी करायची, त्यात पुरण भरायचं, तोंड बंद करून हातावर गोल करायचं. ताईचे गुळगुळीत, नदीतल्या गोट्यांसारखे. माझे जरा रस्त्यावरचे.

कुकर धुतला. तळाला पाणी, त्यात उपडी वाटी, वाटीवर भोकं असलेली थाळी, थाळीला तुपाचा हात, त्यावर धोंडे. झाकण लावलं, शिट्टी ठेवली. ताई कणकीचा दिवा करत होती, तिचं लक्ष नव्हतं. आता सांगा, कुकर म्हणजे काय? आमच्या घरात आणि तुमच्याही घरात कुकर म्हणजे शिट्ट्या. वरणाला तीन, भाताला दोन, बटाट्याला चार, मटणाला मोजायच्या नाहीत. फोनवर बोलणारी बाई मधेच थांबून कितवी झाली विचारते. धोंड्याच्या आत डाळ आहे, डाळीला तीन, म्हणून मी धोंड्यालाही तीन दिल्या. त्यावर आणखी शहाणपण केलं. आत्या यायच्या आत उरकायचं होतं, म्हणून वाफ जिरायची वाट न बघता चमच्यानं शिट्टी उचलून धरली.

कुकरनं असा फूत्कार टाकला की परसातल्या कोंबड्या पळाल्या. आधी वाफ आली, मग पिवळं पाणी आलं, मग भिंतीवर पुरण आलं. बंद पडला एकदम. भोकात डाळ अडकली होती. ताईनं गॅस बंद केला, मला बाजूला ओढलं आणि कुकरवर पाणी ओतत राहिली. पार गार झाल्यावर झाकण काढलं. आत धोंडे नव्हते. आत लापशी होती, आणि मधून मधून कणकीची सालं.

अर्धं पुरण गेलं होतं. मी भिंतीकडं बघत उभी राहिले. मला वाटलं, संपलं. गुरुवारी तो येणार, पाटावर बसणार, ही त्याच्या मागं पिशवी घेऊन बसमध्ये चढणार, आणि मी खामगावात बायकांच्या हक्कांवर पत्रक लिहीत बसणार.

आणि ताई हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. भिंतीकडं बोट दाखवायची आणि हसायची. "पत्रक चिकटवलं का तुनं तिकडं?" म्हणाली. वर्षभरात मी तिचे दात पाहिले नव्हते. मलाही हसू फुटलं. दोघी जमिनीवर बसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मागच्या पडवीत अंबाडी निवडायचा आवाज थांबला होता. बराच वेळ थांबलेला होता. आईची पाठ आमच्याकडंच होती. ती वळली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "शिट्टी काढ त्याची."

मी डोळे पुसत तिकडं पाहिलं.

"काय म्हटलं, आई?"

"वाफेवर करायचे राह्यतात ते. शिट्टी ठेवली तं फुटतीन नाई तं काय. शिट्टी काढून ठेव, वाफ मोकळी जाऊ दे." मग जरा थांबून, "आन् खराट्याची काडी घाल त्या भोकात पहिले."

माझ्या निवेदनांवर लोकांनी सह्या केलेल्या आहेत, मोर्चाला माणसं आलेली आहेत. तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. आईनं बाजू घेतली होती. स्वयंपाकातली सूचना वाटत असेल तुम्हाला. ज्या बाईनं वर्षभर नुसती मान हलवली, तिनं ह्या घरात आत्याच्या शब्दाविरुद्ध तोंड उघडलं होतं.

काडी घातली. भोक साफ केलं. पुरणाला आणखी डाळ लावली, आणि ह्या वेळी ती घोटायला आई आत आली. तिनं माझ्या हातातला चमचा घेतला आणि मला ढकललं. सगळे धोंडे नव्यानं भरून झाल्यावर पहिला घाणा कुकरमध्ये ठेवला आणि आईनं शिट्टी काढून ताईच्या हातात दिली, "धर." कुकरच्या नळीतून वाफेचा सरळ पांढरा दांडा निघाला, न थांबता, न ओरडता. तिघी त्याच्यासमोर बसून राहिलो. विलायचीचा वास आधी स्वयंपाकघरात भरला, मग ओसरीवर गेला, आणि मला वाटतं चावडीपर्यंतही गेला असेल. जाऊ दे.

झाकण उघडलं तेव्हा धोंडे जसे ठेवले तसे होते, फक्त चकाकत होते. एकालाही चीर नव्हती. माझेसुद्धा टिकले होते. आईनं एक बोटानं दाबून पाहिला, बोट चिकटलं नाही. "झाले," म्हणाली. मग घाणामागून घाणा निघाला आणि परात भरली.

आईनंच पाट मांडला. एकच. ताईला म्हणाली, "बस." ताई उभीच राहिली. "बस म्हणून राह्यलो ना. कढई पुसायची हाय का तुले अजून?" म्हणजे आईला ते दिसत होतं. रोज दिसत होतं.

ताई बसली. आईनं तिला कुंकू लावलं, कणकीचा दिवा लावला, ओवाळलं आणि तेहतीस धोंड्यांचं ताट तिच्या मांडीवर ठेवलं. ताईचा एक हात ताटाखाली होता, दुसऱ्याची मूठ मिटलेली होती. आणि दारात आत्या उभी होती.

"हे काय चालू हाय?"

मीच पुढं झाले. "वाण निघालं, आत्या."

"जवायाबिगर?" ती चपला न काढता आत आली, मग आठवण होऊन परत जाऊन काढल्या. "वेडी झाली का तू?" हे आईला. "हे कार्टी तं वेडी हायेच, शहरात राहून डोकं फिरलं तिचं. तुले तं समजते ना?"

"समजते, अक्का," आई म्हणाली.

"मंग गुरुवारी तो आला तं त्याच्यापुढे काय ठेवशीन?"

"पाणी," आई म्हणाली.

एवढ्यात बाबा आले. पायाला चिखल, हातात रुमाल. त्यांनी पाटाकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं, भिंतीवरच्या पिवळ्या डागाकडं जरा जास्त वेळ पाहिलं. आत्या त्यांना सगळं एका दमात सांगत होती, घराण्याची लाज, आबाचं नाव, गाव काय म्हणीन. बाबा ऐकत होते. भाषण तयार होतं माझं, मुद्द्यांसकट. पण बाबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी आईला विचारलं, "ताट उठलं?"

"उठलं. माह्या हातानं दिलं."

"पुरं?"

"पुरं तेहतीस."

बाबांनी बाहेर जाऊन पाय धुतले. खूप वेळ धुतले. मग ओल्या पायानं फाटकापाशी गेले, पण ह्या वेळी आमच्याकडं तोंड करून उभे राहिले, आणि मोठ्यानं बोलले, रस्त्यावर ऐकू जाईल असं.

"जवाईबापू, गुरुवारी येऊ नका. वाण निघालं आमचं... हाव, निघालं. आमच्यात एकदाच निघते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कोणाले म्हणजे? माह्या पोरीले. तिचं घर हाय, तिले दिलं." पुन्हा पलीकडून काहीतरी. "नाई. ती येत नाई. तिले यायचं नाई आन् मले धाडायचं नाई."

फोन खिशात टाकून ते आत आले, पाटासमोर जमिनीवर बसले आणि ताईपुढं हात केला. "आता एक मले देते का? भूक लागली."

ताईनं दिला. मग आईला दिला, मग मला. आत्या भिंतीला टेकून बसली होती, तोंड फिरवून. ताई उठली आणि तूप घालून तिच्यापुढं बशी ठेवली. आत्यानं बशीकडं पाहिलं नाही. पण आम्ही दुसरीकडं बघायला लागलो तेव्हा बशी वाजली. "गूळ कमी पडला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "आण एक. तूप घाल नीट."

त्या संध्याकाळी ताईचं ताट बाबांच्या शेजारी मांडलं गेलं. पुढच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर चावडीवरून चालत एसटी स्टँडवर आली, भर दुपारी, डोक्यावर पदर न घेता. आता ती मेहकरला शिवणकाम शिकवते आणि संध्याकाळच्या बसनं घरी येते. आई विहिरीवर सांगते, "पोरगी हाय माही. इथंच राह्यते." चार दिवस संपले एकदाचे.

पण धोंड्यांच्या त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. वरण लावायचं होतं आणि कुकरची शिट्टी सापडत नव्हती. आईनं फळी पाहिली, मोरी पाहिली, मला डाळीच्या डब्यात हात घालायला लावला. "कुठी गेली बे? आत्ता तं काढली व्हती." सगळं घर शोधत होतं, बाबा बॅटरी घेऊन ओट्याखाली वाकले होते. ताईनं मूठ उघडली. दुपारपासून धरून बसली होती ती. कुंकू लावताना, ताट घेताना, बाबा फोनवर बोलताना. तळव्यावर शिट्टीचा गोल वळ उमटला होता.

"दे इकडं," आई म्हणाली.

"मी लावतो," ताई म्हणाली, आणि तिनं लावली. वरणाला तीन झाल्या. तिन्ही मोठ्या झाल्या.